मुंगीच्या कादंबरीचं वेळापत्रक

डॉक्टरांचं सांगून झालं. गाठ बाबांच्या डोक्याच्या डाव्या बाजूला आहे, शब्दांची बैठक असते नेमकी तिथे. हळू वाढणारी आहे, पण आहे. आधी औषधांनी सूज उतरवायची आणि महिन्याने शस्त्रक्रिया. गाठ निघेल. तिच्याबरोबर किती शब्द निघतील ते आज सांगता येणार नाही. बोलणं राहून वाचणं जाईल, वाचणं राहून बोलणं जाईल, दोन्ही राहील, किंवा... इथे डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं आणि पुढचं वाक्य टोपणातच राहिलं.

बाबा खुर्चीत ताठ बसून ऐकत होते. उभा जन्म त्यांनी बस आगारात वेळापत्रकं आखली होती. 'किती वाजता' आणि 'किती उशीर' यापलीकडे जगात विचारण्यासारखं काही असतं असं त्यांना वाटत नसे.

"महिना म्हणजे तीस धरायचे की एकतीस?" त्यांनी विचारलं.

"तीस धरा," डॉक्टर म्हणाले.

दवाखान्याचा जिना उतरताना त्यांनी लेकीच्या खांद्यावर हात ठेवला. आधारासाठी नव्हे, लक्ष वेधण्यासाठी.

"म्हणजे मुंगे, तुझी कादंबरी वाचायला माझ्याकडे तीस दिवस आहेत."

"कुठली कादंबरी?"

"तू लिहिणार आहेस ती."

लहानपणी ती सापडेल ती वस्तू ओढत न्यायची, म्हणून घरात तिचं नाव मुंगी पडलं आणि चाळिशी उलटली तरी ते सुटलं नाही. ती शहराच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. नळाचं, विहिरीचं, टाकीचं पाणी बाटल्यांतून येई. ती त्याचे थेंब काचेच्या चपट्या ताटल्यांत पसरी, ताटल्या उबदार कपाटात ठेवी आणि काय उगवतंय ते मोजी. कॉलेजात असताना तिची एक गोष्ट छापून आली होती. ते पान बाबांनी काच लावून भिंतीवर टांगलं, आणि इतर बाप 'लग्न कधी करतेस' विचारतात तसं ते वीस वर्षं विचारत आले, "कादंबरी कुठवर आली?" ती म्हणे, "निघालीय." ते म्हणत, "आगारातून बाहेर पडली की सांग." हा बापलेकीचा ठरलेला विनोद होता. त्या जिन्यावर तो विनोद संपला.

नाही म्हणणं सोपं होतं. पण या माणसाने तिच्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं. आई गेली तेव्हाही, "तू कामावर जा, माझं मी बघतो," म्हणून स्वतःचे शर्ट स्वतः इस्त्री करत बसले होते.

"बघते," ती म्हणाली.

बघणं त्याच दुपारी सुरू झालं. बाबांनी माळ्यावरून आगाराच्या जुन्या वेळापत्रकांची गुंडाळी काढली. कागद मोठे, मागची बाजू कोरी. स्वयंपाकघराबाहेरच्या भिंतीवर त्यांनी ते चिकटवले आणि पट्टीने रेघा मारायला घेतल्या.

"वेळापत्रकाशिवाय गाडी बाहेर काढायची नाही," ते म्हणाले. "आधी मार्ग. मग थांबे. मग कुठल्या थांब्यावर किती वेळ. चालकाला काय, बसवलं की चालवतो."

"चालक मीच आहे, बाबा."

"म्हणूनच सांगतोय."

आत्या दारात उभी राहून बघत होती. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर इकडे राहायला आली तेव्हा कपड्यांची पेटी आणि जीभ एवढंच बरोबर आणलं होतं, आणि पेटी कधीच झिजून गेली होती.

"तहान लागल्यावर विहीर खणायला निघालेत दोघं," ती म्हणाली. "आणि ही! मुंगीला पंख फुटले."

"तू चहा कर," बाबा म्हणाले.

"करते. तुमची कादंबरी होईतो निदान चहा तरी होऊ दे."

खरं सांगायचं तर आखणीचे दिवस सुखाचे गेले. दोघांनाही तेच येत होतं. मुंगीने कथानक ठरवलं. एका गावात नळाला वास येऊ लागतो. पाणी तपासणारी एक बाई वास कुठून येतो ते शोधत घरोघर, गल्लीगल्लीने उलट्या दिशेने वर चढत जाते. सर्वांत वर टेकडीवर एक बंद पंपघर आहे.

"त्यात बस आहे का?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"मग ती टेकडीवर कशी जाते?"

"चालत."

"चालत!" बाबांनी त्या रकान्यात दुप्पट वेळ लिहिला.

"आणि लग्न? चोरी?" आत्याने विचारलं. "नुसतं पाणीच?"

"नुसतं पाणीच."

"बाई गं. आणि वर पंपघरात काय आहे?"

मुंगीने भिंतीवरच्या शेवटच्या चौकोनाकडे पाहिलं. तो कोरा होता. "ते कळेल," ती म्हणाली. तिला माहीत नव्हतं.

मग बाबांनी राखीव वेळ घातला. मग एक चौकोन 'बिघाड' म्हणून ठेवला, कारण महिन्यात एखादी गाडी बंद पडतेच. दोन प्रकरणांच्या मध्ये आडव्या रेघांचे बारीक पट्टे काढले.

"हे काय?"

"रिकामी फेरी. प्रवासी नसतात, तिकीट नसतं, तरी गाडी धावते. नाहीतर सकाळी पहिल्या थांब्यावर गाडी येणार कुठून? लोकांना वाटतं तो वेळ वाया. पण तोही वेळापत्रकात धरावा लागतो."

मुंगीने तिच्या परीने भर घातली. आधी नमुना म्हणून एक पान लिहून वेळ मोजला. मग तिला वाटलं एका नमुन्यावर विसंबणं बरं नव्हे, म्हणून आणखी दोन लिहिली आणि सरासरी काढली. तिन्ही पानं फेकण्याच्या लायकीची होती, पण सरासरी उत्तम निघाली. भिंत भरत गेली. रंगीत चिठ्ठ्या लागल्या. आणि एका सकाळी दात घासता घासता तिच्या लक्षात आलं की आठवडा उलटून गेलाय आणि कादंबरीचं एकही वाक्य लिहिलेलं नाही. तोंडातला फेस तिने तसाच गिळला.

ती मोठ्या बाईंकडे रजा मागायला गेली. मोठ्या बाई प्रयोगशाळेच्या प्रमुख, मनाने चांगल्या, पण त्यांच्या टेबलापासून बाटल्यांची रांग दारापर्यंत आली होती. खालच्या वस्तीत जुलाबाची साथ होती.

"वडिलांची शस्त्रक्रिया तर महिनाअखेर आहे ना? मग आत्ता रजा कशाला?"

'कादंबरी लिहायला' हे शब्द तिच्या जिभेवर आले आणि तिथेच बसून राहिले.

"थोडं घरचं काम होतं."

"घरचं काम कुणाला नाही गं. पाणी बिघडलंय. माणसं दवाखान्यात पडलीत. आता जाऊ नकोस."

मग ती ऑटोक्लेव्हशेजारी लिहू लागली. ऑटोक्लेव्ह म्हणजे वापरलेल्या ताटल्या वाफेने निर्जंतुक करायचा माणूसभर उंचीचा कुकर. दाब चढून उतरेपर्यंत त्याच्याजवळून हलता येत नाही, आणि तेवढा वेळ कुणी तिकडे फिरकतही नाही. गरम, ओलसर, करपट वासाच्या त्या खोलीत उंच स्टुलावर बसून, मांडीवर पुठ्ठा ठेवून तिने पहिलं प्रकरण लिहिलं. घामाने शाई फुटायची. दाबाच्या काट्यावर एक डोळा आणि कागदावर एक. वाईट नव्हतं. तिला आश्चर्य वाटलं, पण खरंच वाईट नव्हतं.

बाबा वाटच पाहत होते. "झालं म्हणे पहिलं? आण इकडे."

"नाही बाबा. पूर्ण झाल्याशिवाय नाही."

"एकच बघतो."

"आमच्याकडे उबवायला ठेवलेली ताटली मध्ये उघडत नाहीत. उघडली की हवेतलं काहीबाही येऊन बसतं. मग जे वाढलं ते पाण्यातलं की हवेतलं, काही सांगता येत नाही. तुम्ही काही म्हणालात की माझं बिघडेल."

बाबांचा हात पुढे आलेला होता. तो त्यांनी हळूच मागे घेतला आणि शर्टाच्या खिशात काही शोधल्यासारखं केलं. "बरोबर आहे," ते म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

त्याच सुमारास त्यांनी भिंतीवरच्या चिठ्ठ्यांवरची नावं बदलली. पाणी तपासणारी बाई झाली चौदा नंबर, तिची वाट अडवणारा टाकीवाला बावीस नंबर, गल्लीतल्या जावा एकतीस आणि बत्तीस. "आगारात आम्ही मार्गाला नाव देत नाही, नंबर देतो. सोपं पडतं," ते म्हणाले. मुंगीला राग आला. एवढी विचार करून ठेवलेली नावं. पण आत्याला ते फार आवडलं. "बावीस नंबर मेला आज पण वेळेवर नाही आला वाटतं?" असं ती रोज विचारायची.

बाबांचे शब्द अधूनमधून निसटत होते. चमच्याला 'ते ढवळायचं', उशीला 'डोक्याखालचं'. डॉक्टरांनी सांगितलंच होतं. बाबा स्वतः हसून सोडून देत. वर्तमानपत्र मात्र रोज सकाळी मांडीवर असे. हळूहळू दुपारी ते आत्या मोठ्याने वाचू लागली होती. "तुझ्या बापाचा चष्मा जुना झालाय म्हणे. मला काय, बसते वाचत."

तिसरं प्रकरण रडतखडत झालं. चौथ्यात गाडी रुतली. मुंगीने वेळापत्रक पाहिलं, राखीव वेळ पाहिला, बिघाडाचा चौकोन पाहिला; सगळे वापरून संपले होते. प्रयोगशाळेत बाटल्या वाढत होत्या, घरी औषधांच्या वेळा सांभाळायच्या होत्या, आणि टाकीवाला तोंड उघडायला तयार नव्हता. एक आख्खा आठवडा ती रोज एक पान लिहून रोज फाडत होती. ना घर का ना घाट का, अशी गत. कुणाला सांगावं? ज्यांना सांगितलं असतं त्यांच्यासाठीच तर चाललं होतं सगळं. एका सकाळी कामावर निघताना तिचा संयम सुटला. तिने जाड पेन घेतलं, चौथ्या प्रकरणाच्या चौकोनात मोठ्या अक्षरांत 'मला जमणार नाही' असं लिहिलं आणि दार ओढून निघून गेली. बाबांनी वाचावं, आणि म्हणावं की राहू दे. एवढंच तिला हवं होतं.

संध्याकाळी ती परतली तेव्हा बाबा भिंतीसमोर उभे होते.

"आलीस? हे बघितलं मी, सकाळी लिहिलंस ते." त्यांचं बोट त्या तीन शब्दांखालून डावीकडून उजवीकडे सरकलं, अगदी वाचणाऱ्याच्या गतीने. "चांगलं आहे. वेळेत आहे. असंच चालू दे."

मुंगीच्या हातातली पिशवी तशीच राहिली.

"काय लिहिलंय मी, बाबा?"

"हेच की. आपलं ठरलं होतं ते."

तिने पिशवी खाली ठेवली. पेन घेतलं. हात तिचा कामावर असतो तसा स्थिर होता. त्याची तिला नंतर लाज वाटली. तिने बाजूला आकडा लिहिला. "हे?"

"सत्तेचाळीस," बाबा तत्काळ म्हणाले.

त्याखाली तिने 'आत्या' लिहिलं. "आणि हे?"

बाबांनी पाहिलं. जवळ जाऊन पाहिलं. चष्मा वर करून पाहिलं. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. आत्या दारात आली होती.

"हे इथलं नाही," बाबा शेवटी म्हणाले आणि मागे सरकून स्टुलावर बसले.

"कधीपासून?"

"अक्षरं दिसतात गं," ते म्हणाले. "ओळखीचीही वाटतात. पण नाव आठवत नाही कुणाचं. लग्नात भेटणाऱ्या पाहुण्यांसारखं. नंबर तेवढे... नंबर ओळख देतात."

"मला का सांगितलं नाहीत?"

"मला वाटलं, वाचणं उशिरा धावतंय. येईल."

आत्याने पदर तोंडाला लावला. "आणि मी त्याला चष्म्यावरून टोमणे मारत होते," ती म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा पुढे काही बोलली नाही.

मुंगी तिथेच जमिनीवर बसली. काय उगवतंय ते ओळखणं हा जिचा धंदा, तिच्या डोळ्यांसमोर भिंतीवर रोज एक नाव जाऊन एक आकडा उगवत होता, आणि ती नावांसाठी रुसून बसली होती. ते सोडा. पहिलं प्रकरण झालं तेव्हा त्यांनी हात पुढे केला होता. तेव्हा त्यांना वाचता येत होतं का? थोडं तरी? 'एकच बघतो' म्हणाले होते. म्हणजे उरलंय तेवढ्यात बघतो. आणि तिने त्या हाताला ताटलीचा नियम सांगितला होता.

"पहिलं मागितलंत तेव्हा..." तिने सुरुवात केली.

"तेव्हा मोठी अक्षरं लागत होती," बाबा म्हणाले. "तुझं अक्षर मोठं असतं." आणि मग, ती रडायला लागलेली पाहून, घाबरून म्हणाले, "आता काय, तू वाच की. मी ऐकतो. तिकीट तेच."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी वाचन सुरू झालं. सकाळी बाबांचं डोकं स्वच्छ असे. ऊन खिडकीच्या मधल्या गजावर आलं की ते थकत. तेवढ्या वेळात मुंगी वाचे, आत्या भाजी निवडत ऐके आणि बाबा डोळे मिटून बोटांनी खुर्चीच्या हातावर काहीतरी मोजत. वाक्य लांबलं की बोट हवेत थांबायचं. मुंगी ते वाक्य तिथल्या तिथे तोडायची.

"बावीस नंबर गप्प का आहे, मी सांगू?" आत्या म्हणाली. "त्याला माहितीये वास कुठून येतो. त्यानेच काहीतरी केलंय. माणूस एवढा गप्प बसतो तो दोनच वेळा, दात दुखत असला तर, नाहीतर चूक केली असली तर."

मुंगीने पुठ्ठा जवळ ओढला. त्या दुपारी ऑटोक्लेव्हच्या खोलीत टाकीवाला बोलू लागला. भिंतीवरचं वेळापत्रक तिने पुन्हा पाहिलं नाही. दुपारी लिहायचं, सकाळी वाचायचं, उरलेलं कामावर जाता-येता मनात रचायचं. ना सरासरी, ना राखीव. एका दिवसाचं त्या दिवशी. लिहिलेलं बरं आहे की वाईट हे पाहायलाही वेळ नव्हता. मोठ्या बाई एकदा खोलीत डोकावल्या, तिच्या मांडीवरचे कागद पाहिले, आणि बाटल्यांची एक रांग स्वतःच्या टेबलाकडे घेऊन गेल्या.

ती धावत होती, पण दिवस तिच्यापेक्षा जोरात धावत होते. बाबांचे शब्द आता मूठमूठ गळत होते. आधी त्यांच्या सूचना गेल्या, मग गमती. मग सकाळचं ऊन खिडकीच्या खालच्या गजावर असतानाच त्यांचा चेहरा विझू लागला. शेवटी शेवटी एकच शब्द जागेवर राहिला होता. प्रकरण संपून मुंगी थांबली की ते डोळे उघडत आणि म्हणत, "पुढे?"

शस्त्रक्रियेच्या सकाळी बाई टेकडी चढून पंपघराच्या दारात पोचली होती. तिथे लिहिलेली पानं संपली. आदल्या दिवशी भरतीच्या धावपळीत ऑटोक्लेव्ह नव्हता, स्टूल नव्हतं, ती खोली नव्हती. मुंगीकडे होती कोऱ्या कागदांची चळत आणि शेवट अजूनही माहीत नव्हता.

दवाखान्याच्या खाटेवर बाबा हिरव्या झग्यात बसले होते. डोकं भादरल्याने त्यांचे कान एकदम मोठे दिसत होते. आत्या पायाशी. मुंगीने दारापर्यंतचं वाचलं आणि थांबली.

"पुढे?" बाबा म्हणाले.

तिने पान उलटलं. कोऱ्या पानावर डोळे ठेवले आणि वाचू लागली. दाराला कुलूप नव्हतं. नुसता गंज होता. आत अंधार, आणि जमिनीला टेकलेलं लोखंडी झाकण. डोळे ओळीच्या शेवटी नेऊन ती पुन्हा डावीकडे आणत होती, जसे वाचणाऱ्याचे येतात. चौदा नंबरने गुडघे टेकले. झाकणाच्या कडेतून हवा येत होती, गार, आणि ती हवा...

बाबांनी हात पुढे करून पानावर ठेवला. ज्याला अक्षर लागत नाही त्यालाही कोरा कागद कळतो. त्यांनी तळवा त्यावरून फिरवला, एकदा, दोनदा. बाबांच्या चेहऱ्यावर काहीतरी दुरून येताना दिसलं, वळणं घेत, थांबत, आणि मग आलं.

"रिकामी फेरी," ते म्हणाले. स्पष्ट. अख्खे दोन शब्द, जागच्या जागी. आणि हसले. "ने."

ती नेऊ लागली. ढकलगाडी घेऊन दवाखान्याचा माणूस आला, त्याने त्यांना आडवं केलं, तरी ती नेत राहिली. लांब बोळातून गाडीबरोबर चालत, कोरी पानं छातीशी धरून ती सांगत होती की झाकण जड आहे, बाईचा हात पुरत नाही, मागून पावलं वाजतायत, तो बावीस नंबर आहे, तो तिला अडवायला आलेला नाही, तो दुसऱ्या बाजूने झाकणाला हात घालतोय. दोघं मिळून उचलतात. आणि आता तिला दिसत होतं आत काय आहे. शेवट तिच्या तोंडात होता. महिनाभर जो आला नव्हता तो आता आला होता आणि बोळाचं टोकही आलं होतं.

"इथून पुढे नाही, बाई," तो माणूस म्हणाला.

"एकच वाक्य," मुंगी म्हणाली. "बाबा, आत..."

बाबांनी हात वर केला. आगाराच्या फाटकात उभं राहून सुटणारी गाडी थोपवावी तसा.

"नंतर," ते म्हणाले.

"आत्ता सांगते ना. आत्ता कळेल तुम्हाला."

"नंतर," त्यांनी हट्टाने डोकं हलवलं. दुसरा शब्द सापडत नव्हता, की हाच हवा होता, ते तिला कळलं नाही. दार दोन्ही बाजूंनी मिटलं.

बोळात एक बाक होता. आत्या येऊन तिच्याजवळ बसली.

"काय होतं गं त्या झाकणाखाली?" आत्याने शेवटी विचारलं.

"नंतर," मुंगी म्हणाली.

"म्हणजे मी पण ताटकळायचं?"

"तू पण."

आत्याने नाक ओढलं आणि आपल्या पिशवीतला पुठ्ठा काढून तिच्या मांडीवर ठेवला. तो तिने आठवणीने आणला होता. मुंगीने कोरं पान त्यावर बसवलं. त्या दारामागून बाहेर येईल त्या माणसाला काय समजेल, किती समजेल, ती कोण हे तरी समजेल का, यातलं काही तिला ठाऊक नव्हतं. तिने आधी पानाच्या डोक्यावर पानाचा आकडा घातला, दुरून दिसेल एवढा मोठा, रेघ दोनदा गिरवून. तेवढं तरी कदाचित त्यांना वाचता येईल. मग त्याखाली ती लिहू लागली.